लांबच्या गड्याचा पंजा

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा पंजा आहे, आणि गोष्ट सुरू करण्याआधीच सांगून ठेवतो, माझी जोडी कुठे हरवली असं मला विचारू नका. जोडी नव्हतीच. मी एकटाच शिवला गेलो आणि मला एकटंच असायचं होतं. पण वर्धा जिल्ह्यात आल्यापासून ज्याने ज्याने मला हातात घेतलं, त्याने मला उलटंपालटं करून हेच विचारलं. शिकलेल्यांनी विचारलं, न शिकलेल्यांनी विचारलं, सिंदीच्या एका पोस्टमनने तर त्यासाठी सायकलवरून उतरण्याची तसदी घेतली. इतकी वर्षं एकच प्रश्न ऐकून तुमचं डोकं ठिकाणावर राहिलं असतं का, ते तुम्हीच सांगा.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथल्या एका कारखान्यात खिडकीशी बसलेल्या एका बाईने मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवलं, तळव्यात जाड नमदा भरला आणि अंगठ्याच्या नि पहिल्या बोटाच्या मधे चामड्याची जाळी ओवली. कातडं कोणत्या जनावराचं, ते मला माहीत आहे. पण आपल्याकडे ते न विचारलेलंच बरं, म्हणून मीही सांगत नाही.

बेसबॉल नावाचा एक खेळ आहे. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने तो दांडूने हाणायचा आणि चार घरांना फेरा मारून परत यायचं. बाकीच्यांनी चेंडू अडवायचा. त्यांत एक गडी सगळ्यांपासून लांब, मैदानाच्या पार कडेला उभा असतो. चेंडू फार उंच आणि फार दूर गेला की तो त्याचा. तो डाव्या हातात मला घालतो, झेल घेतो आणि उजव्या हाताने चेंडू परत फेकतो. डाव्या हातात, मित्रांनो. एवढी साधी गोष्ट. पण एवढीच साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरली नाही आणि माझं सगळं आयुष्य वाकडं झालं.

लढाईच्या दिवसांत एका शिपायाबरोबर मी नागपूरला आलो. विमानतळामागच्या माळावर ते शिपाई संध्याकाळी खेळत. माझा धनी तोंडात काहीतरी चिकट चघळत असे आणि कंटाळा आला की ते काढून माझ्या मनगटाला चिकटवत असे. लढाई संपली, विमानं गेली, आणि हा गडी मला खाटेखाली विसरून गेला. पुढे मी भंगारात गेलो. तिथून इतवारीतल्या एका भजीवाल्याने मला कढई उचलायला घेतलं. त्यानेही आधी जोडी विचारली, आणि एकच आहे म्हटल्यावर भाव पाडून घेतला. बेसनाचा वास माझ्या शिवणीत तेव्हा शिरला तो आजतागायत गेलेला नाही.

तिथे मला श्रीनिवास मास्तरांनी ओळखलं. मास्तर सिंदीच्या शाळेत कवायत शिकवत. लढाईत ते विमानतळाच्या कोठारावर कारकून होते आणि रोज संध्याकाळी तारेच्या कुंपणाला नाक लावून शिपायांचा खेळ बघत. भजी खायला आले आणि कढईच्या कानाला मला बघून त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी मला विकत घेतलं आणि जोडी विचारली नाही. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो एकदाचा. मी अजून बापूजींना पाहिलं नव्हतं ना.

बापूजींचा सिंदीत बिडीचा कारखाना होता. बिडीचं नाव 'चेंडू छाप'. बिड्यांच्या प्रत्येक पुडक्यावर, कट्ट्यावर, लाल चेंडूचं चित्र. त्या काळी बिडीवाले जत्रेत नाच्या नाचवत, कोणी गाणं लावत, कोणी कुस्त्या भरवत. बापूजींना कोणाजवळ नसलेलं काहीतरी हवं होतं. मास्तरांनी त्यांना या खेळाचं सांगितलं आणि बापूजी खूश झाले. चेंडूची बिडी, तर चेंडूचाच खेळ! कारखान्यातले आणि गावातले गडी निवडून त्यांनी दोन बाजू केल्या, एक लाल टोप्यांची, एक पांढऱ्या टोप्यांची. दोन्ही बाजू कारखान्याच्याच, आणि सगळ्यांना खेळण्याचा पगार. आपल्या भागात खेळून पोट भरणारी माणसं तोवर कोणी बघितली नव्हती. पंजा मात्र एकच, मी. जवळच्या गड्यांनी नुसत्या हातांनी खेळायचं आणि मी लांबच्या गड्यासाठी, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला डाव्या हातात घालून दाखवलं. बापूजींनी पान थुंकलं.

"मास्तर, डाव्या हातानं?"

"हो. पंजा डाव्या हाताचाच आहे, बापूजी."

"चेंडू आपली छाप हाये. त्याच्यावर आपलं पोट चालते. अन् आपल्या छापीले डाव्या हातानं घ्याचं? लक्ष्मी कोनी डाव्या हातानं घेते का?"

"पण ही अंगठ्याची जागा बघा ना."

"अंगठ्याले काय समजते? घाला उजव्यात."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, बापूजींकडे पाहिलं आणि मान डोलावली. चांगल्या माणसांचा मला याच एका गोष्टीचा राग येतो. वाद घालतात तो अर्धाच घालतात.

तर मी उजव्या हातात गेलो. माझ्या अंगठ्याच्या घरात माणसाची करंगळी, आणि करंगळीच्या घरात त्याचा अंगठा कोंबलेला. तुमच्या डाव्या पायातला जोडा उजव्या पायात घालून सिंदीहून सेलूला चालत जा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण उजव्या हातात मी असल्यावर चेंडू फेकायचा कोणत्या हाताने? गडी झेल घेई, मग चेंडू काखेत धरी, मग मला ओढून काढी, मग फेकी. तोवर धावणारा चारही घरं फिरून येऊन बिडी पेटवत बसलेला असे. मास्तर कपाळाला हात लावत आणि बापूजी म्हणत, "जरा फुर्ती करा."

अशाच एका दिवशी एक चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून कारखान्याच्या मागे गेला. तिथे लहानू टेंभुर्णीच्या पानांची पोती उतरवत होता. त्याने पोतं खाली ठेवलं, चेंडू उचलला आणि परत फेकला. कारखान्याच्या कौलांवरून तो चेंडू आला आणि मास्तरांच्या पायाशी पडला. लहानूने तो डाव्या हाताने फेकला होता.

लहानू डावरा. लहानपणी शाळेत त्याने त्या हातावर छड्या खाल्ल्या होत्या आणि जेवताना आईचे धपाटे. शेतात मात्र त्याच हाताने तो गोफण चालवी, आणि ज्वारीवर बसलेल्या पाखरांना तो डावरा आहे की उजवा, याची पंचाईत नव्हती. मास्तरांनी त्याला बोलावून मला त्याच्या उजव्या हातात घातलं. झेल उजव्यात, फेक डाव्यात. बापूजींची लक्ष्मीही राहिली आणि धावणारा घरी पोचण्याआधी चेंडूही पोचायला लागला. जन्मभर ज्या हातासाठी मार खाल्ला, त्याच हाताने लहानूला नोकरी दिली. बापूजींनी त्याची जात विचारली, जरा वेळ पान चघळलं आणि म्हणाले, "लांबच तं उभं राह्याचं हाये. चालते."

म्हणजे बघा. बाकीच्या गड्यांत मिसळायचं नाही, कडेला, एकटं, गावाच्या बाजूला पाठ करून. लहानू पुढे कधीतरी सुलोचनेला म्हणाला होता, "गावाबाह्यर उभं राह्याची आमच्या घराले सवयच हाये. आता त्याचा पगार भेटते." सुलोचना हसली. मला काही हसू आलं नाही.

सुलोचना म्हणजे त्याची बायको. ती घरी बसून कारखान्याच्या बिड्या वळायची. त्यांचं लग्न मोडता मोडता जमलं आणि त्यालाही कारण मीच. मुलगा काय करतो ते बघायला सुलोचनेची आई मीराबाई पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदीला आली. तान्ह्या पोळ्याची गर्दी, आमचा खेळ जोरात. पण त्या दिवशी नेमका एकही चेंडू आमच्याकडे आला नाही. लहानू सगळी दुपार उभा, मी त्याच्या हातात, आणि मीराबाई बाभळीखाली बसून आमच्याकडे टक लावून. खेळ संपल्यावर ती म्हणाली, "दिवसभर उभाच तं होता. झाड बी उभंच राह्यते. त्याले कोनी पोरगी देते का?"

सुलोचना मागून म्हणाली, "झाडाची सावली तं भेटते नं, माय."

लग्न लागलं. पण मीराबाईसारखं बोलणारे आम्हाला प्रत्येक जत्रेत भेटले. "हा तिकडं काऊन उभा हाये?" "चुकला असन काई, शिक्षा देल्ली." एकदा एक म्हातारा दया येऊन मैदानात आला आणि लहानूला म्हणाला, "मी मालकाशी बोलू का?" आता या लोकांना कोणत्या तोंडाने समजवायचं, की उभं राहणं हे अर्धं काम असतं? चेंडू दांडूला लागल्याच्या आवाजावरून लहानूचा पाय उचलला जाई. लोक वर बघून चेंडू शोधत तोवर आम्ही तो पडणार त्या जागी जाऊन थांबलेले असू. एकदा तर विहिरीच्या कठड्यावर चढून त्याने झेल घेतला. मग लोकांना जरा जरा कळायला लागलं. पुढे पुढे तर 'लांबचा गडी' आला का, असं आधी विचारू लागले. सेवाग्रामच्या बाजूला आम्ही कधी गेलो नाही, तिथे बिडीचं नाव काढायची सोय नव्हती. बाकी सगळ्या जिल्ह्यात आमचं नाव झालं. बापूजींनी कट्ट्यावरचं चित्र बदललं, लाल चेंडूखाली माझं चित्र आलं. लहानूचं आलं नाही. चित्रकाराने माझ्यात एक गोरापान हात काढला, आणि तोही डावा. बापूजींच्या ते लक्षात आलं नाही आणि मी तरी काय सांगणार?

आता मूळ दुखण्याकडे येतो.

शिपायांच्या खेळात एक रीत होती. एका बाजूचा डाव संपला की लांबचा गडी पंजा तिथेच गवतावर ठेवून दांडू खेळायला जाई, आणि समोरच्या बाजूचा गडी येऊन तोच पंजा घाली. मास्तरांना ही रीत सगळ्या खेळात सुंदर वाटायची. ते गड्यांना सांगत, "एकाचा घाम सुकायच्या आत दुसऱ्याचा हात आत गेला पाहिजे. याला खेळ म्हणतात." आमच्याकडे पंजा एकच असल्यामुळे ही रीत पाळण्यावाचून इलाजही नव्हता. लहानू लाल टोप्यांचा, आणि त्यांचे कप्तान स्वतः मास्तर. पांढऱ्या टोप्यांचा लांबचा गडी होता माधव, बापूजींच्या दिवाणजींचा पुतण्या.

माधव वाईट नव्हता. हाच तर डोक्याला ताप. तो वाईट असता तर मी त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळा झालो असतो. तो हसतमुख होता, लहानूच्या झेलाला सगळ्यांत आधी टाळी त्याची. "लहानू, आज कमाल केलीस," असं मोठ्याने म्हणायचा आणि लहानू पाठमोरा झाला की गवतावरून मला उचलण्याआधी कमरेच्या लोटीतलं पाणी माझ्यावर शिंपडायचा. मग मला घालायचा.

चामड्यावर पाणी! मला शिवणारी ती बाई हे बघती तर रडली असती. पाण्याने चामडं आधी फुगतं, मग उन्हात आवळतं, मग तडकतं. आणि हे सगळं कशासाठी? मी मेलेल्या जनावराचं कातडं. त्याचा माधवला विटाळ नव्हता. चेंडू चामड्याचा, त्याचाही नव्हता. लहानूच्या तळव्याला आलेला घाम, तेवढ्याचा विटाळ. हे मी कितीदा मनात घोळवलं आणि प्रत्येक वेळी माझ्या शिवणी ताठ झाल्या.

संध्याकाळी लहानू मला घरी न्यायचा आणि जवसाचं तेल चोळायचा. माधवने पाणी घालायचं, लहानूने तेल लावायचं, दुसऱ्या दिवशी परत पाणी. मी काय कणकेचा गोळा होतो? सुलोचना विचारायची, "एवढा कडक कसा होते हा?" लहानू म्हणायचा, "ऊन लागते." त्याला सगळं ठाऊक होतं. एकदा सुलोचनेने जत्रेत ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या रात्री भाकरी थापताना परातीवर एवढ्या जोराने हात मारत होती, की लहानूच शेवटी म्हणाला, "चार थेंबानं काय होते वं."

"चारच थेंब हायेत तं तो टाकते काऊन?" ती म्हणाली.

लहानू मला तेल चोळत राहिला. 

छप्पन साली दसऱ्याला दोघं पांढरे कपडे घालून नागपूरला गेली आणि लाखो माणसांबरोबर बौद्ध होऊन परत आली. मी घरी खुंटीवर होतो. आल्याबरोबर सुलोचनेने कोनाड्यातले देव काढून फडक्यात बांधले, कोनाडा शेणाने सारवला. लहानू बराच वेळ रिकाम्या कोनाड्याकडे बघत बसला. मग नेहमीसारखं मला खाली काढून तेल लावलं. हात तेच होते, पण त्या दिवशी त्याने मला पोटाशी धरून नाही, समोर धरून तेल लावलं. मला वाटलं, दमला असेल.

त्यानंतर आमचा पहिला मोठा खेळ गिरडच्या जत्रेत होता. टेकडीवर दर्गा, खाली मैदान, आणि उतारावर माणसं अशी बसलेली की दगड दिसत नव्हता. लाल टोप्यांनी आधी पंजा घातला. लहानू झकास खेळला. समोरच्यांचा डाव संपला, आता लाल टोप्यांनी दांडू खेळायचा आणि माधवने लांबचा गडी व्हायचं. लहानूने रीतीप्रमाणे मला गवतावर ठेवलं. पण तो गेला नाही. तिथेच उभा राहिला.

माधव आला. लोटीला हात घातला आणि लहानूला समोर बघून थबकला.

"माधवबाबू, पानी नका टाकू."

"अरे, नेहमीचंच तर आहे लहानू."

"नेहमीचं होतं. आता नाई."

माधव लाजला. खरंच लाजला. उताराकडे एकदा बघितलं. तिथे त्याच्या घरची माणसं बसली होती. हळू आवाजात म्हणाला, "मग घालू कसा?"

"हात घालून," लहानू म्हणाला.

माधवचा हात लोटीत तसाच राहिला. पुढे आला नाही, मागेही गेला नाही. मी गवतावर उताणा पडून वाट बघत होतो. एवढी माणसं, एवढी जत्रा, आणि एका माणसाला आपला हात एका पंजात घालता येत नव्हता. शेवटी त्याने तीन बोटं पाण्यात बुडवली. ते थेंब माझ्यावर पडण्याआधी लहानूने मला उचललं आणि आपल्या हातात घातलं.

"मंग राहू द्या. मीच उभा राह्यतो."

तिकडून मास्तर ओरडले, "लहानू, आपला डाव आहे. दांडू घ्यायला ये."

लहानू हलला नाही. लाल टोपी घालून तो लाल टोप्यांच्याच विरुद्ध उभा राहिला. दहा पावलांवर माधव मोकळ्या हातांनी. उतारावरचे लोक ओरडायला लागले, खेळ थांबवायची सोय नव्हती. मास्तर स्वतःच दांडू घेऊन उभे राहिले. आणि त्यांनी असा काही चेंडू हाणला, मित्रांनो, की मी माझ्या आयुष्यात, त्या शिपायांचासुद्धा, एवढा उंच पाहिला नव्हता. आधी माधव धावला. पण वरून येणारा तो चेंडू मोकळ्या हाताने घेणं सोपं नसतं. अगदी खाली आल्यावर त्याने हात आखडते घेतले. लहानू त्याच्या मागून धावत आला आणि चेंडू माझ्या जाळीत धप्पकन बसला. स्वतःच्याच कप्तानाला त्याने बाद केलं आणि चेंडू सरळ मास्तरांच्या पायाशी परत फेकला.

सगळी टेकडी हसली आणि मग टाळ्या पडल्या. "हा हाये तरी कोनाच्या बाजूनं?" असं कोणी तरी विचारलं. मास्तरांनी चेंडू उचलला, लहानूकडे पाहिलं, माधवच्या कमरेच्या लोटीकडे पाहिलं. त्यांना ते पाणी आधी माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. दांडू खाली ठेवून ते म्हणाले, "मी बाद," आणि जाऊन खाली बसले. यापुढे एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मास्तरांचा वाद अर्धाच.

खेळ तिथेच मोडला. बापूजी बिडीच्या तंबूतून मैदानात आले. मला वाटलं, आता आमची धडगत नाही. पण बापूजी व्यापारी माणूस. टाळ्या त्यांनी ऐकल्या होत्या. लहानूच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखा करून, न ठेवता, ते म्हणाले, "तुले पानी नाई पाह्यजे नं? ठीक हाये. हा पंजा आजपासून तुहा. तुह्या एकट्याचा. माधवसाठी मी कलकत्त्याहून नवा मागवतो. पानी बंद. झालं समाधान?"

मित्रांनो, मी तर हरखून गेलो. पाणी बंद! रोज तेल, सावली, आणि एकाच माणसाचा हात. आयुष्यात पहिल्यांदा बापूजींच्या तोंडून शहाणपणाची गोष्ट ऐकली असं मला वाटलं. आता लहानू हो म्हणेल आणि आम्ही घरी जाऊ.

लहानूने बाहीने कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाला, "म्हंजे माह्या घामाले कोनी हात लावाचा नाई, असंच नं बापूजी?"

"अरे, तूच म्हणाला पानी नको."

"पानी नको. वेगळा पंजा बी नको. हाच, दोघायले. कोरडा. नाई तं मी खेळत नाई."

"एवढ्याशा गोष्टीसाठी लगी लगाई नोकरी सोडतं का?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी तुमी नवा पंजा मागवून राह्यले," लहानू म्हणाला.

बापूजींनी कपाळाला हात लावला. मीही लावला असता. इतका हट्टी माणूस मी पाहिला नव्हता. समोर ताट वाढलेलं आणि हा उठून चाललेला. घे रे बाबा, म्हणावंसं वाटत होतं, घे आणि चल घरी. पण त्याने मला हातातून काढलं. लांबच्या गड्याची जागा होती, तिथे चालत गेला आणि रीतीप्रमाणे मला गवतावर ठेवलं, तळवा वर करून.

"माधवबाबू," तो म्हणाला, "कोरडा ठेवला हाये."

टोपी काढून त्याने मास्तरांच्या हातात दिली. सुलोचना उतारावरून खाली आली होती. "चाला," एवढंच ती म्हणाली, आणि दोघं जत्रेच्या गर्दीत शिरली. दोघांपैकी कोणीही मागे वळून पाहिलं नाही.

माधव माझ्याजवळ आला. लोटी त्याच्या कमरेला नव्हती. माझ्यावर वाकला, इतका की त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मी वाट पाहिली. तो उभा राहिला, परत वाकला. मग त्याच्या काकांनी हाक मारली आणि तो गेला. सामान गाडीत भरायची वेळ झाली तेव्हा कोणी तरी माझ्या वादीत काठी अडकवून मला उचललं आणि गाडीत टाकलं.

नवा पंजा आला. तोही डाव्या हाताचा, आणि बापूजींनी तोही उजव्यातच घालायला लावला. माधव झेल घेई, चेंडू काखेत धरी, पंजा काढी आणि मग फेकी. लोक तीन-चार जत्रा हसले, मग यायचे थांबले. बापूजींनी खेळाचा नाद सोडला आणि गाणं लावलं. नवा पंजा माझ्या शेजारच्या खुंटीवर आहे. नवाकोरा, चकचकीत. त्यालाही कधी पाणी लागलं नाही, कारण त्यात एकाच माणसाचा हात गेला. त्याच्याकडे बघून मला लहानूचं म्हणणं कळायला लागलं, आणि फार उशिरा कळलं याचाच संताप येतो. बापूजींच्या त्या तोडग्याने माझ्यावरचं पाणी थांबणार होतं. लहानूवरचं थांबणार नव्हतं.

लहानू आता सिंदीच्या एका जिनात कापसाच्या गाठी रचतो, असं बिड्या पोचवायला येणाऱ्या बायका बोलताना मी ऐकलं. त्याच्यासारखा लांबचा गडी या जिल्ह्यात परत झाला नाही. तो कसा खेळत असे, हे ज्यांनी पाहिलं त्यांनाही आता नीट आठवत नाही. आठवते ती कट्ट्यावरची माझी तसबीर.

मित्रांनो, माझी शिवण उसवली आहे आणि तळव्याला भेगा पडल्या आहेत. चामड्याच्या वस्तूंना जपा. त्यांना उन्हात टाकू नका, पाणी लावू नका, अधूनमधून जवसाचं तेल चोळा. हे तर मी सांगणारच, ते माझं कामच आहे. पण कधी या कारखान्याच्या कोठारात आलात आणि मला खुंटीवरून खाली काढलंत, तर मला जपण्याची एवढी घाई करू नका. माझ्यात आधी कोणाचा हात होता, ते कोणाला विचारू नका. फडकं आणू नका. आपल्याला कोण बघतंय, म्हणून मागे वळून पाहू नका. त्या दिवसापासून मी कोरडाच आहे. नुसता हात घाला.